गुडघेबदल शस्त्रक्रियेनंतरचे दुखणे आणि नर्व्ह ब्लॉक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"ऑपरेशनच्या दिवशी काहीच दुखले नाही, दुसऱ्या रात्री मात्र डोळ्याला डोळा लागला नाही," असे बरेच जण सांगतात. असे का होते?

हा अनुभव खरा आहे आणि त्याची कल्पना रुग्णाला आधी दिलेली नसते, म्हणूनच तो अधिक त्रासदायक ठरतो. एका इंजेक्शनाने दिलेल्या नर्व्ह ब्लॉकचा, म्हणजे गुडघ्याच्या मज्जातंतूंशेजारी सोडलेल्या बधिर करणाऱ्या औषधाचा, परिणाम साधारणपणे १२ ते २४ तास टिकतो. गुडघ्यातील सूज मात्र याच काळात वाढत असते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती सर्वांत जास्त असते. शस्त्रक्रियेत मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची टोके कापून आकारात आणलेली असतात, सांध्याचे आवरण उघडून पुन्हा शिवलेले असते. या सगळ्याची वेदना ब्लॉक असेपर्यंत जाणवत नाही. ब्लॉक उतरला की काही तासांत ती एकदम समोर येते. भूलशास्त्रात याला 'रिबाउंड पेन' म्हणतात. ब्लॉकमुळे नवीन दुखणे निर्माण झाले, असा त्याचा अर्थ नाही.

वेळेचा हिशेब करून पाहावा. सकाळी दहाला शस्त्रक्रिया सुरू झाली आणि दुपारी बाराच्या सुमारास ब्लॉक दिला, तर तो मध्यरात्र ते दुसऱ्या दिवशीची दुपार यांदरम्यान केव्हातरी उतरेल. बहुतेकांच्या बाबतीत ही वेळ नेमकी पहाटेची निघते. त्या वेळी वॉर्डातील दिवे मंद असतात, सोबतीला आलेला मुलगा बाकावर झोपलेला असतो आणि "एवढ्यासाठी सिस्टरांना कशाला उठवायचे" असा विचार करून रुग्ण तास-दीड तास कळ सोसत राहतो. दुखणे एकदा शिगेला पोहोचले की तोंडाने दिलेल्या गोळीला ते आवरायला तास-दीड तास आणखी लागतो.

म्हणून उपाय एकच आहे आणि तो अगदी साधा आहे. ब्लॉक चालू असताना, काहीही दुखत नसतानाच, लिहून दिलेल्या गोळ्या ठरलेल्या वेळी घेत राहाव्यात. "दुखत नाही, मग रात्रीची गोळी कशाला?" असा प्रश्न पडला, तर त्याचे उत्तर पहाटे मिळते. ब्लॉक उतरू लागल्याची एक खूण रुग्णाला स्वतःला तपासता येते : पोटरीची आतली बाजू, घोट्याच्या वरपर्यंत, बोटाने हलकेच खाजवून पाहावी. तिथे मुंग्या येऊ लागल्या किंवा स्पर्श कळू लागला, तर ब्लॉक उतरायला सुरुवात झाली आहे आणि सिस्टरांना बोलवायची वेळ हीच आहे. या पट्ट्याची संवेदना ज्या मज्जातंतूकडे असते, तोच ब्लॉकमध्ये बधिर केलेला असतो.

नर्व्ह ब्लॉक म्हणजे नेमके काय?

गुडघ्याकडून मेंदूकडे वेदनेचा निरोप नेणाऱ्या मज्जातंतूंच्या शेजारी बधिर करणारे औषध सोडणे म्हणजे नर्व्ह ब्लॉक. 'शेजारी' हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण औषध मज्जातंतूच्या आत टोचायचे नसते. बोलीभाषेत आपण मज्जातंतूलाही नस म्हणतो, रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि पोटरीत गोळा आला तरी नसच चढली म्हणतो, त्यामुळे "नसेत इंजेक्शन देणार" हे ऐकून घाबरगुंडी उडणे स्वाभाविक आहे.

औषध अपरिचित नाही. दाढ काढताना दंतवैद्य हिरडीत लिग्नोकेन देतात, त्याच कुळातील बुपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेन इथे वापरतात. फरक एवढाच की ही औषधे बरीच अधिक काळ टिकतात. मज्जातंतूमधून निरोप पुढे जाण्यासाठी सोडियमचे कण त्याच्या आवरणातील सूक्ष्म द्वारांतून आत यावे लागतात. औषध ती द्वारे काही तासांपुरती बंद ठेवते आणि शरीराने औषध वाहून नेले की ती पुन्हा उघडतात.

कमरेत इंजेक्शन देतात ते हेच का?

नाही. कमरेतून दिलेली भूल, म्हणजे स्पायनल, ही प्रत्यक्ष शस्त्रक्रियेसाठी असते. तिने कमरेखालचा सारा भाग बधिर होतो आणि दोन ते चार तासांत ती उतरते. ब्लॉक त्यानंतरच्या तासांसाठी असतो. एकाच रुग्णाला दोन्ही दिले जातात आणि ते नेहमीचेच आहे. पूर्वी दुखण्यासाठी कमरेत बारीक नळी ठेवून एपिड्युरल देण्याची पद्धत अधिक होती. दुखणे त्याने चांगले थांबते, पण रक्तदाब उतरणे, लघवी तुंबणे आणि शस्त्रक्रिया न केलेला पायही जड होणे हे त्रास होतात. शिवाय पायात गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करणारी इंजेक्शने सुरू करायची असतील, तर कमरेतील नळी केव्हा काढायची याची वेळ काटेकोरपणे पाळावी लागते. ब्लॉकची पद्धत रुळण्याचे हे एक मोठे कारण आहे.

टोचतात कुठे? एकाला जांघेत दिले, दुसऱ्याला मांडीच्या मध्यावर दिले, असे का?

जांघेत दिला जातो तो फेमोरल ब्लॉक. फेमोरल मज्जातंतू गुडघ्याच्या पुढच्या भागाची संवेदना सांभाळतो आणि त्याच वेळी मांडीच्या पुढच्या स्नायूला, म्हणजे क्वाड्रिसेप्सला, चालवतो. त्यामुळे हा ब्लॉक दुखणे उत्तम थांबवत असला, तरी गुडघा सरळ धरून उभे राहण्याची ताकद काही तासांपुरती जाते. रुग्णाला पाय आपलाच वाटतो, तो विश्वासाने वजन टाकतो आणि गुडघा घडी पडल्यासारखा मुडपतो.

मांडीच्या मध्यावर दिला जातो तो अ‍ॅडक्टर कॅनल ब्लॉक. मांडीच्या आतल्या बाजूला सार्टोरियस नावाच्या लांब पट्टीसारख्या स्नायूखाली एक बोगदा आहे. अठराव्या शतकातील लंडनचे शल्यविशारद जॉन हंटर यांच्या नावावरून जुने डॉक्टर त्याला आजही हंटर कॅनल म्हणतात. तिथपर्यंत पोहोचेस्तोवर क्वाड्रिसेप्सकडे जाणाऱ्या बहुतेक फांद्या वेगळ्या झालेल्या असतात आणि उरतात ते प्रामुख्याने संवेदना वाहणारे तंतू : सॅफेनस मज्जातंतू आणि मांडीच्या आतल्या बाजूच्या एका स्नायूकडे जाणारी, पण गुडघ्याच्या आवरणालाही संवेदना पुरवणारी एक फांदी. म्हणून दुखणे जवळपास तेवढेच थांबते आणि ताकद बरीचशी शाबूत राहते. रुग्णाने त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी वॉकर घेऊन उभे राहावे, अशी आज अपेक्षा असते. ती पाहता एक भूलतज्ज्ञ म्हणून माझे झुकते माप याच ब्लॉकला आहे. वेदनाशमनाच्या पद्धतींचा शस्त्रक्रियेनुसार अभ्यास करणाऱ्या युरोपातील 'प्रॉस्पेक्ट' या तज्ज्ञगटाने २०२२ मध्ये गुडघेबदलासाठी केलेल्या शिफारशींतही अ‍ॅडक्टर कॅनल ब्लॉक, सर्जनने सांध्याभोवती सोडलेले औषध आणि नियमित साध्या गोळ्या यांची जोड सुचवली आहे.

पुढून बरे वाटते, पण गुडघ्याच्या मागे, लवणीत दुखते. ब्लॉक फसला का?

बहुधा नाही. गुडघ्याला संवेदना एकाच मज्जातंतूकडून मिळत नाही. पुढची बाजू फेमोरलच्या फांद्यांकडे आहे, तर मागची बाजू मुख्यतः सायटिक मज्जातंतूच्या फांद्यांकडे आणि काही अंशी ऑब्ट्युरेटरकडे. अ‍ॅडक्टर कॅनल ब्लॉक पुढचा आणि आतला भाग सांभाळतो. लवणीतील दुखणे त्याच्या कक्षेबाहेर राहते.

त्यासाठी दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे 'आयपॅक' नावाचा ब्लॉक, ज्यात लवणीतील धमनी आणि गुडघ्याचे मागचे आवरण यांच्यामधल्या जागेत औषध पसरवले जाते, जेणेकरून पाऊल हलवणारे मोठे मज्जातंतू सहसा बाजूला राहतात. दुसरा मार्ग सर्जनच्या हातात असतो : नवीन सांधा बसवताना, गुडघा उघडा असतानाच, तो मागच्या आवरणात आणि भोवतालच्या मऊ भागांत बधिर करणारे पातळ औषध जागोजागी सोडतो. सिडनीतील केर आणि कोहन या डॉक्टरांनी २००८ मध्ये या पद्धतीचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले आणि त्यानंतर ती जगभर पसरली. दोन्हींपैकी काय वापरणार, हे शस्त्रक्रियेपूर्वी विचारून ठेवण्यासारखे आहे.

ब्लॉक देताना दुखते का? नेमके काय करतात?

स्पायनलचा परिणाम असतानाच ब्लॉक दिला, तर काहीही कळत नाही. आधी दिला, तर क्रम साधारण असा असतो. रुग्ण उताणा झोपलेला, पाय किंचित बाहेर वळवलेला. मांडी औषधाने पुसली जाते आणि सोनोग्राफीचा प्रोब गार जेलीसह त्वचेवर टेकतो. पडद्यावर राखाडी पार्श्वभूमीवर एक काळे वर्तुळ ठोक्याठोक्याला उडताना दिसते. ती मांडीची धमनी. तिच्यावर होडीच्या आकाराचा सार्टोरियस स्नायू आणि त्या दोहोंच्या बेचक्यात, थोडा उजळ ठिपका, जिथे पोहोचायचे असते. त्वचा बधिर करणाऱ्या बारीक सुईची चिमट्याएवढी टोच जाणवते. त्यानंतरची लांब सुई मांडीच्या बाहेरच्या बाजूने आत सरकताना दाब जाणवतो, कळ सहसा येत नाही. औषध सोडले की पडद्यावर धमनीशेजारी काळी जागा फुलत जाते आणि औषध योग्य ठिकाणी पसरते आहे हे त्यावरून कळते.

औषध एका दमात दिले जात नाही. तीन ते पाच मिलिलिटर झाले की भूलतज्ज्ञ थांबतो, पिस्टन मागे ओढून रक्त येत नाही ना ते पाहतो आणि मग पुढे जातो. साधारण १५ ते २० मिलिलिटर औषध पुरते. परिणाम दिसायला १५ ते २० मिनिटे लागतात. सुई आत असताना पायात विजेचा झटका बसल्यासारखी कळ पोटरीकडे किंवा पावलाकडे गेली, तर "सोसतो मी" असे न म्हणता लगेच सांगावे. सुई मज्जातंतूच्या फार जवळ आल्याची ती सूचना असते.

आमच्या गावच्या रुग्णालयात हा ब्लॉक मिळेल का?

सोनोग्राफी यंत्र आणि ते वापरणारा भूलतज्ज्ञ, दोन्ही असतील तर मिळेल. अडचण अनेकदा यंत्राची असते. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठीच्या १९९४ च्या कायद्यामुळे आपल्याकडे प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी करावी लागते, मग ते केवळ मांडीतील मज्जातंतू पाहण्यासाठी का असेना. ते पिशवीत घालून एका रुग्णालयातून दुसऱ्यात नेण्याची मुभा नाही. कायद्याचा हेतू निर्विवाद आहे. पण चार रुग्णालयांत फिरून काम करणाऱ्या तालुक्याच्या भूलतज्ज्ञाला त्यामुळे हात आखडता घ्यावा लागतो, हेही खरे. यंत्र नसेल तेथे मज्जातंतू-उत्तेजक यंत्राने, स्नायू उडतो का ते पाहून, फेमोरल ब्लॉक देता येतो, किंवा सर्जनने सांध्याभोवती सोडलेल्या औषधावर भर देता येतो. नीट केलेले हे दुसरे तंत्रही पहिल्या दिवशी चांगला आराम देते.

ब्लॉक असताना चालता येते का?

येते, परंतु एकट्याने नाही. अ‍ॅडक्टर कॅनल ब्लॉकमध्ये ताकद राहते असे वर म्हटले, तरी औषध थोडे वरच्या बाजूला सरकले तर क्वाड्रिसेप्स सैल पडू शकतो. त्यामुळे पहिल्यांदा उभे राहण्यापूर्वी फिजिओथेरपिस्ट झोपल्या जागी पाय सरळ उचलायला सांगतात. टाच बिछान्यापासून वर उचलून पाच-दहा सेकंद धरता आली, तर पुढची पायरी. रुग्ण पडण्याचा धोका मध्यरात्री लघवीला उठताना विशेष असतो, कारण तेव्हा कोणालाही हाक न मारता दोन पावलांवरच्या बाथरूमपर्यंत जाऊ असे वाटते. ज्येष्ठांना, विशेषतः आयुष्यभर कोणाकडून काही करून न घेतलेल्या आजींना, ही गोष्ट ऑपरेशनच्या आधीच बजावून सांगावी आणि सोबतीच्या माणसालाही.

ब्लॉक दिल्यावर गोळ्या कशाला? आणि त्या कोणत्या?

ब्लॉक हा अनेक उपायांपैकी एक आहे. वेगवेगळ्या मार्गांनी काम करणारी औषधे थोड्या-थोड्या प्रमाणात एकत्र दिली, तर प्रत्येकाचा डोस आणि त्रास कमी राहतो.

पाया पॅरासिटामॉलचा. प्रौढ व्यक्तीला २४ तासांत ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा मानतात. वय जास्त, वजन कमी किंवा यकृत अशक्त असेल तर डॉक्टर ती आणखी खाली ठेवतात. इथे एक चूक वारंवार होते. आपल्याकडे मिळणाऱ्या अनेक जोडगोळ्यांत, उदाहरणार्थ अ‍ॅसिक्लोफेनॅक किंवा ट्रॅमाडॉलबरोबर, पॅरासिटामॉल आधीच मिसळलेले असते. घरी जाताना मिळालेली जोडगोळी, शिवाय ताप वाटला म्हणून घरातील डब्यातून काढलेली पॅरासिटामॉल, असे दुहेरी सेवन नकळत होते. पाकिटामागील घटकांची नावे वाचून घ्यावीत किंवा औषधवाल्याकडून वाचून घ्यावीत.

दुसरी सूज उतरवणारी औषधे, जसे सेलेकॉक्सिब किंवा इटोरिकॉक्सिब. यांनी खूप फरक पडतो. मात्र मूत्रपिंडाचा विकार, हृदयविकार, जठरातील व्रण किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असल्यास ती टाळतात किंवा फार थोडे दिवस देतात. शस्त्रक्रियेच्या वेळी शिरेतून दिलेले डेक्सामेथासोन दुखणे, सूज आणि मळमळ तिन्ही कमी करते. ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल यांसारखी जोरकस औषधे हाताशी असावीत, पण व्यायामाआधी किंवा ब्लॉक उतरतानाच्या रात्रीसाठी. त्यांनी मळमळ, भोवळ आणि बद्धकोष्ठता होते. नव्या गुडघ्याने कमोडवर बसून कुंथणे हा वेगळाच छळ असल्याने पाणी आणि इसबगोल पहिल्या दिवसापासून सुरू केलेले बरे. नैराश्यासाठी गोळ्या चालू असतील, तर ट्रॅमाडॉल घेण्यापूर्वी ते डॉक्टरांना सांगणे आवश्यक आहे, कारण काही जोड्या घातक ठरतात.

डॉक्टर "दहापैकी किती दुखते" असे विचारतात. याचे उत्तर कसे द्यावे?

शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे कल्पनेतील सर्वांत वाईट दुखणे, अशी ही पट्टी आहे. ती अनेक ज्येष्ठांच्या पचनी पडत नाही. एका आजोबांनी "रुपयात बारा आणे" असे उत्तर दिले होते आणि ते कोणत्याही आकड्याइतकेच उपयोगी होते. आण्यात सांगा, शब्दांत सांगा, पण दोन गोष्टी वेगळ्या करून सांगा : झोपून असताना किती आणि गुडघा वाकवताना किती. झोपल्यावर दुखत नाही म्हणून "बरे आहे" असे सांगितले जाते आणि व्यायामाच्या वेळी पाय वाकवता येत नाही. मग गुडघा आखडतो.

दुखण्याची जातही सांगावी, कारण आपल्या भाषेत त्यासाठी नेमके शब्द आहेत आणि डॉक्टरला त्यातून दिशा मिळते. ठणका असेल तर तो बहुधा सुजेचा. ओढ बसल्यासारखे वाटत असेल तर टाके आणि ताठलेले स्नायू. आग, भगभग किंवा मुंग्या असतील तर मज्जातंतूकडे लक्ष द्यावे लागते आणि त्याची औषधे निराळी असतात. "खूप दुखतंय" एवढ्यावर थांबल्यास यातले काहीच कळत नाही.

शेक द्यावा की बर्फ? गुडघ्याखाली उशी चालेल का?

बर्फ, तोही फडक्यात गुंडाळून, एका वेळी १५ ते २० मिनिटे. दुखण्यावर गरम शेक देण्याची आपली सवय जुनी आहे, पण ताज्या शस्त्रक्रियेनंतर उष्णतेने सूज वाढते. ब्लॉक असलेल्या पायाला गरम पाण्याची पिशवी लावणे तर धोक्याचे आहे : बधिर त्वचेला चटका कळत नाही आणि फोड आल्यावरच ध्यानात येते. तेल लावून मालीश करायला येणाऱ्या बाईंना जखम भरेपर्यंत नम्रपणे थांबवावे.

गुडघ्याखालची उशी फार सुखाची वाटते आणि म्हणूनच ती काढून घ्यावी लागते. वाकलेल्या अवस्थेत विसावलेला गुडघा नंतर पूर्ण सरळ होत नाही. त्याऐवजी टॉवेलची गुंडाळी घोट्याखाली ठेवावी.

दोन्ही गुडघे एकाच वेळी बदलायचे आहेत. दोन्हीकडे ब्लॉक देतात का?

देतात, मात्र इथे भूलतज्ज्ञाला हिशेब करावा लागतो. रोपिव्हाकेनची नेहमी पाळली जाणारी मर्यादा वजनाच्या दर किलोला ३ मिलिग्रॅम आहे. साठ किलोच्या आजींसाठी ती १८० मिलिग्रॅम होते. औषध ०.२ टक्के तीव्रतेचे, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये २ मिलिग्रॅम. तेव्हा एकूण ९० मिलिलिटर. एका गुडघ्याला अ‍ॅडक्टर कॅनलसाठी २० आणि आयपॅकसाठी २० धरले, तर दोन गुडघ्यांत ८० संपतात आणि सर्जनला सांध्याभोवती सोडायला जेमतेम १० उरतात. एकाच गुडघ्याची शस्त्रक्रिया असती, तर ५० उरले असते. म्हणून दोन्ही गुडघे करताना औषध विरळ करणे, आयपॅक वगळणे किंवा केवळ सर्जनच्या औषधावर भिस्त ठेवणे, असे काहीतरी निवडावे लागते आणि आराम एका गुडघ्याइतका पुरेपूर मिळेलच असे नाही. शिवाय टेकायला धडधाकट पाय एकही नसतो. दोन्ही एकदम करण्यातील सोय खरी आहे. दुखण्याची ही बाजूही निर्णयाच्या वेळी विचारात घ्यावी.

ब्लॉकचे धोके कोणते?

मज्जातंतूला दीर्घकाळ टिकणारी इजा फारच क्वचित होते. साधारणपणे दहा हजारांत दोन ते चार रुग्णांत. काही दिवस वा आठवडे टिकणाऱ्या मुंग्या किंवा बधिरपणा त्याहून अधिक जणांना जाणवतो आणि तो आपोआप जातो. सुईच्या जागी रक्त साकळणे आणि जंतुसंसर्ग हे अन्य धोके.

सर्वांत गंभीर धोका म्हणजे औषध रक्तात जास्त प्रमाणात शिरणे. ओठांभोवती बधिरपणा, तोंडात धातूसारखी चव, कानात गुणगुण, डोके हलके होणे ही त्याची सुरुवात. पुढे झटके येऊ शकतात आणि हृदयाची लय बिघडू शकते. यावर २० टक्के तीव्रतेचे स्निग्ध द्रावण शिरेतून देतात आणि ब्लॉक जिथे दिले जातात तिथे ते हाताशी असायलाच हवे. सोनोग्राफीमुळे आणि थांबत-थांबत औषध देण्याच्या शिस्तीमुळे असे प्रसंग आता विरळा झाले आहेत. ब्लॉक देताना भूलतज्ज्ञ रुग्णाशी गप्पा मारत राहतो, त्यामागे सौजन्याखेरीज ही सुरुवातीची लक्षणे लगेच कळावीत, हेही कारण असते.

मधुमेह आहे, रक्त पातळ होण्याच्या गोळ्याही चालू आहेत. तरी ब्लॉक घेता येईल का?

बहुतेकांना घेता येतो. दीर्घकाळच्या मधुमेहात पायांचे मज्जातंतू आधीच कमकुवत झालेले असू शकतात. तळपायाला मुंग्या, चप्पल पायातून निसटल्याचे न कळणे, अशी लक्षणे असतील तर ती आधीच सांगावीत, म्हणजे त्यांची नोंद राहते आणि औषधाची मात्रा बेताने ठरवता येते. अशा रुग्णांत ब्लॉक अधिक काळ टिकलेला दिसतो. डेक्सामेथासोन दिल्यास एक-दोन दिवस साखर वाढते, म्हणून ती वारंवार तपासावी लागते.

क्लोपिडोग्रेल, अ‍ॅपिक्साबॅन, वॉरफरिन यांसारख्या गोळ्या कधी थांबवायच्या याचे प्रत्येकीचे वेळापत्रक वेगळे आहे आणि हृदयात स्टेंट असेल तर त्या मनाने बंद करणे जिवावर बेतू शकते. हृदयरोगतज्ज्ञ, सर्जन आणि भूलतज्ज्ञ या तिघांनी मिळून ते ठरवावे.

ब्लॉक उतरला, तरी पाऊल वर उचलता येत नाही. हे ब्लॉकमुळे आहे का?

त्वरित कळवावे, सकाळच्या राउंडची वाट पाहू नये. पाऊल आणि अंगठा वर उचलणारा पेरोनियल मज्जातंतू गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, नडगीशेजारच्या बारीक हाडाच्या डोक्याला वळसा घालून जातो. गुडघे आत वळून एकमेकांना घासत असतील आणि शस्त्रक्रियेत ते सरळ केले, तर हा मज्जातंतू ताणला जातो; घट्ट बँडेजनेही तो दबतो. आयपॅकचे औषध पसरूनही काही तास पाऊल लुळे पडू शकते, पण ते २४ तासांत परतायला हवे. बँडेज सैल करणे आणि गुडघा थोडा वाकवून ठेवणे हे पहिले उपाय सर्जन ताबडतोब करतात.

टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढा बधिर पट्टा राहणे ही वेगळी बाब आहे. पुढून छेद घेताना त्वचेची एक बारीक संवेदी फांदी कापली जाते, त्याला इलाज नाही आणि ब्लॉकचा त्याच्याशी संबंध नाही. महिन्यांमागून महिने तो पट्टा आक्रसत जातो. थोडा कायम राहतो.

ब्लॉक जास्त दिवस टिकवता येत नाही का?

बारीक नळी मांडीत ठेवून छोट्या पंपाने दोन-तीन दिवस औषध देता येते. नळी सरकणे, गळणे, तिची देखभाल करणे या कटकटी असतात, म्हणून जुनी तीव्र वेदना असलेल्या किंवा जोरकस गोळ्या न सोसणाऱ्या निवडक रुग्णांसाठी ती राखून ठेवतात.

खर्च वेगळा लागतो का?

केंद्र सरकारच्या औषध दर नियामकाने ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्याच्या कमाल किमती ठरवून दिल्या. ती मर्यादा बसवल्या जाणाऱ्या सांध्याला आहे, भुलीला नाही. ब्लॉकची आकारणी कुठे भूलतज्ज्ञाच्या शुल्कातच असते, तर कुठे सुई, औषध आणि यंत्राचा वापर निराळा लावतात. अंदाजपत्रक घेताना विचारावे आणि विम्याच्या पूर्वमंजुरीत त्याचा उल्लेख आहे का ते पाहावे.

सहा महिने झाले तरी दुखते. पुन्हा ब्लॉक देता येईल का?

शस्त्रक्रियेनंतर दहा ते वीस टक्के रुग्णांचे दुखणे रेंगाळते. आधी कारण शोधावे लागते : जंतुसंसर्ग, सांधा सैल होणे, वाटी नीट न सरकणे, किंवा दुखणे मुळात कमरेच्या मणक्यातून येत असणे. तपासण्यांत काही सापडले नाही, तर गुडघ्याभोवतीच्या जेनिक्युलर नावाच्या बारीक संवेदी फांद्यांभोवती चाचणीदाखल औषध देतात. त्याने आराम पडला, तर त्याच फांद्या रेडिओलहरींच्या उष्णतेने निकामी करून काही महिने दुखणे कमी ठेवता येते. नंतर त्या पुन्हा वाढतात आणि उपचार पुन्हा करावा लागू शकतो. हे काम वेदनाचिकित्सेचे प्रशिक्षण घेतलेल्या भूलतज्ज्ञाचे आहे, पण जंतुसंसर्ग नाही याची खात्री सर्जनकडून झाल्याशिवाय त्याच्याकडे जाऊ नये.